फरार आरोपींवर कार्यक्रम करायचाय – नाट्य किती आणि चेहरा किती?

बर्डीची_पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज कामाचं विचारायला आले. मी नागपुरातच एका छोट्या प्रॉडक्शन हाऊसमध्ये रिसर्च आणि एपिसोड प्रोड्यूसर असं दोन्ही बघते (म्हणजे चहा सांगण्यापासून एडिटला रात्र काढण्यापर्यंत सगळं). एका मराठी चॅनेलला विदर्भातल्या फरार आरोपींवर साप्ताहिक कार्यक्रम हवाय. खून, दरोडा, आणि आरोपी अजून हाती लागला नाही अशा केसेस. अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता बावीस मिनिटं.

पायलट लिहून दिला. त्यात आरोपीचा फोटो, वर्णन, शेवटी कुठे दिसला, कोणतं काम करतो, याला सात-आठ मिनिटं ठेवली होती. चॅनेलकडून उत्तर आलं, "फोटो पाच सेकंद पुरे, खुनाचा सीन वाढवा, पावसात घ्या." आता खून झालाय एप्रिलमध्ये, भरदुपारी. नागपूरच्या एप्रिलमध्ये पाऊस कुठून आणू?

तर ज्यांनी असं काम केलंय, जे पोलिसात किंवा कोर्टात आहेत, किंवा नुसते बघणारे आहेत त्यांनी सांगा, आरोपी सापडावा हाच हेतू असेल तर नाट्यरूपांतर किती ठेवायचं? भांडायला मुद्दे पाहिजेत, तिथे "मला पटत नाही" एवढ्याने भागत नाही.

तर्री_पोहे

एप्रिलमदी नागपुरात भरदुपारी जो बाहेर निंगला तोच पहिला संशयित धरा ना बाप्पा. शाणा मानूस तेव्हा कूलरसमोर लोळून राहते.

सदाशिव_पेठी

मुळात असले कार्यक्रम असावेतच कशाला? चोवीस तास तेच चालू असतं. चांगलं काही दाखवा.

तर्री_पोहे

@सदाशिव_पेठी चांगलं दुपारी एक ते चार दाखवतात भाऊ, तेव्हा तुमी झोपलेले असता.

वर्ध्याचा_लेखक

ताई, मी चॅनेलच्या बाजूने बोलतो, शिव्या द्यायच्या तर द्या. बारा-चौदा वर्षं मुंबईत हेच लिहून पोट भरतोय. प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो, पहिल्या दीड मिनिटात त्याला धरलं नाही तर तो गाण्याच्या कार्यक्रमावर गेला म्हणून समजा, आणि एकदा गेला की तुमचा फोटो पाच सेकंद दाखवा नाहीतर पाच मिनिटं, बघतंय कोण? जो बघणार नाही तो फोन काय करणार. 1998 मध्ये झी टीव्हीवर इंडियाज मोस्ट वाँटेड सुरू झालं तेव्हा आम्ही शाळेत होतो, ते म्युझिक लागलं की गोधडीत शिरायचो पण टीव्ही बंद करू द्यायचो नाही. घरात कोणीच उठायचं नाही. ती पकड नाट्यामुळे होती, पासपोर्ट साईज फोटोमुळे नाही.

पावसाचं मात्र खरं सांगतो, पाऊस कथेसाठी नसतो. रात्र आणि पाऊस असला की लोकेशन लपतं, रक्त कमी लागतं, नटांचे कपडे कुठल्या सालचे ते कळत नाही. बजेटचा पाऊस असतो तो.

वडसा_रिटर्न

हा हा, बजेटचा पाऊस! बरोबर आहे. मी झाडीपट्टी नाटकात (पूर्व विदर्भातली लोकरंगभूमी) काम करतो, सीझन संपला की नागपुरात असल्या शूटिंगला जातो. आम्हाला घेऊन पहिला आठवडाभर डायरेक्टर ओरडतो, "अरे एवढं मोठ्यानं नको". काय करणार, रात्रभर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. मुडदा झालो, साक्षीदार झालो, पण चेहऱ्याला कट असल्यामुळे जास्त करून खुनीच होतो.

ताई, तुमच्या प्रश्नावर एक खरी गोष्ट सांगतो. एका फरार माणसाचा रोल केला होता. एपिसोड लागला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी गणेशपेठच्या एसटी स्टँडवर गडचिरोलीच्या गाडीची वाट बघत उभा, तर दोघंजण मागून येऊन हात धरून उभे राहिले. एकजण दुसऱ्याला म्हणतो तू सोडू नको मी फोन लावतो. मी म्हणलं दादा मी नट आहे. तो म्हणे टीव्हीत पण तू असाच खोटं बोलत होतास! शेवटी स्टँडवरच्या पोलिसाला मोबाईलवर झाडीपट्टीचं पोस्टर दाखवलं, त्यात मी राजाच्या पोशाखात, तेव्हा सुटलो. गाडी निघून गेली होती.

बर्डीची_पोर

@वडसा_रिटर्न दादा, हसू आलं पण हाच तर मुद्दा आहे! लोकांना तुमचा चेहरा लक्षात राहिला, खऱ्या आरोपीचा नाही. अठरा मिनिटं तुम्ही आणि पाच सेकंद तो. तुमच्यावर आलेले फोन पण त्या केसच्या फाईलला लागले असतील, म्हणजे पोलिसांचा वेळ तुम्हाला शोधण्यात.

@वर्ध्याचा_लेखक दादा, मान्य की आधी बघायला तर बसायला हवं. पण फरारी शोधणारा कार्यक्रम आणि झालेल्या गुन्ह्याची गोष्ट सांगणारा कार्यक्रम हे वेगवेगळे धंदे आहेत. 2003 पासूनचं क्राईम पेट्रोल बघा, त्यात बहुतेक वेळा आरोपी पकडलेला असतो, नट दिसला तरी बिघडत नाही. पहिल्या प्रकारची सुरुवात जर्मनीत, 1967 मध्ये झेडडीएफ वाहिनीवर एडुआर्ड झिमरमननं केली, त्यावरून बीबीसीनं 1984 मध्ये क्राईमवॉच काढलं, आणि अमेरिकेत फेब्रुवारी 1988 मध्ये जॉन वॉल्शचं अमेरिकाज मोस्ट वाँटेड आलं. त्याचा सहा वर्षांचा मुलगा 1981 मध्ये मॉलमधून पळवून नेऊन मारला होता. पहिल्याच भागातला फरारी चार दिवसांत पकडला गेला, दुसऱ्या नावानं न्यूयॉर्कमध्ये बेघरांचं शेल्टर चालवत होता.

आणि माझी सगळ्यात आवडती केस जॉन लिस्टची. 1971 मध्ये न्यू जर्सीत आई, बायको आणि तीन मुलं मारून गायब. अठरा वर्षांनी फोटो काय कामाचा? तर कार्यक्रमानं फ्रँक बेंडर नावाच्या शिल्पकाराकडून तो आज कसा दिसत असेल त्याचा मातीचा अर्धपुतळा करून घेतला. सुटलेले गाल, मागे गेलेले केस, आणि जाड फ्रेमचा चष्मा, कारण असा माणूस असाच चष्मा घालेल असा विचार करून. 21 मे 1989 ला दाखवला, 1 जूनला व्हर्जिनियात अटक. जुन्या शेजाऱ्यांनी ओळखलं. सांगा, तिथे खुनाच्या सीननं काम केलं की चष्म्यानं?

वर्ध्याचा_लेखक

चष्म्यानं. पण चष्म्यापर्यंत प्रेक्षक टिकला कशानं, ते पण सांगा 🙂

मिनीची_आई

मी नुसती बघणारी. बघणारी पण कसली, ऐकणारी. हे कार्यक्रम रात्री जेवणं झाल्यावर लागतात, तेव्हा मी ओट्याशी असते आणि टीव्ही हॉलमध्ये. माझ्यासारख्या किती बाया असतील! आम्हाला फोटो दिसतच नाही हो, आम्हाला "और फिर उस रात..." एवढंच ऐकू येतं. तुम्ही फोटो मिनिटभर ठेवला तरी वरती नुसतं म्युझिक वाजत असेल तर उपयोग शून्य. तोंडानं सांगा ना, उंची किती, लंगडतो का, बोलणं कुठल्या भागातलं, कुठला धंदा जाणतो. आणि ओळखणारी बाईच असते बरं का. भाड्याने खोली घ्यायला आलेला एकटा माणूस, शेजारी कोण येतं जातं, हे बाईच बघते.

बर्डीची_पोर

@मिनीची_आई ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं कोणाच्या. आम्ही सगळे एडिटच्या मोठ्या स्क्रीनसमोर बसून ठरवतो ना. वर्णन व्हीओमध्ये, म्हणजे मागच्या आवाजात, गेलंच पाहिजे.

निवृत्त_खाकी

बेटा, तुझा प्रश्न वाचला. मी गुन्हे शाखेत आणि ग्रामीणला एलसीबीत (स्थानिक गुन्हे शाखेत) काम केलं, आता रिटायर आहे, नाव-गाव सोड. फरार आरोपी कसा राहतो ते आधी समजून घे म्हणजे काय दाखवायचं ते आपोआप कळेल. तो सिनेमातल्यासारखा जंगलात नसतो. नागपूरला चारी दिशांना रेल्वे आहे, तो जनरल डब्यात बसतो आणि जिथे आधार कार्ड न विचारता हजेरी मिळते तिथे जातो, वीटभट्टी, ढाबा, बोअरवेलची गाडी, बिल्डरची साईट, रायपूर म्हण, हैदराबाद म्हण, सुरत म्हण, आणि तिथे तो जे काम येतं तेच करतो, गवंडी असेल तर गवंडीच, आचारी असेल तर आचारीच, दाढी वाढवेल नाव बदलेल पण हाताचं कसब बदलत नाही. म्हणून फोटोइतकंच काम सांगणं महत्त्वाचं. वीटभट्टीवर कोणी टीव्ही बघून चेहरा जुळवत बसत नाही पण "हा नागपूरकडचा आचारी, सावजी भाजी करतो, डाव्या हातानं चिरतो" असं म्हणलं की मालकाच्या डोक्यात घंटी वाजते.

आणि सणाला घरची आठवण येतेच. दिवाळी, राखी, आमच्याकडे पोळा. वर्षभर गप्प बसलेला माणूस तान्ह्या पोळ्याला पोराचा आवाज ऐकायला फोन लावतोच लावतो. तुमचा कार्यक्रम सणाच्या आधीच्या आठवड्यात लागला तर घरच्यांवर पण दबाव येतो, तो फायदा वेगळा.

दुसरं, फोन कुठे येणार? प्रॉडक्शनच्या पोराचा मोबाईल नंबर स्क्रीनवर देऊ नको. निम्म्याहून जास्त फोन घरमालकाविरुद्ध, भाऊबंदकीचे, "माझा जावई तसाच दिसतो" असले येतात, ते चाळायला डोकं लागतं. कधी बघितला, कुठे, सोबत कोण, गाडीचा नंबर, आणि तो अजून तिथे आहे का, एवढं आधी विचारायचं, फोन करणाऱ्याचं नाव शेवटी, ते पण त्यानं दिलं तर. आधीच नाव विचारलं की तो फोन ठेवतो.

तर्री_पोहे

@निवृत्त_खाकी काका जावयाचं खरं हाय. 2015 मदी मार्च संपता संपता आपल्या सेंट्रल जेलमधून पाच कैदी पळाले होते ना, तेव्हा आमच्या गल्लीत लोकं भांडेवाल्यालेही नाव-गाव विचारून राहिले होते. एका आजीनं तर मलेच विचारलं, म्हणे तू रोज याच टायमाले कुठून येतं रे? म्हणलं आजी मी तुमच्याच वरच्या माळ्यावर राहतो.

अॅड_सिव्हिल_लाईन्स

धागा चांगला चाललाय. कायद्याचं थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

फरार म्हणजे नुसता पळालेला नाही. कोर्टानं बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम 84 खाली (जुनं सीआरपीसी 82) उद्घोषणा काढायची असते, हजर राहायला किमान तीस दिवस द्यायचे, आणि ती आरोपीच्या गावात लोकांसमोर वाचायची, घराच्या दर्शनी भागाला चिकटवायची, कोर्टातही लावायची. वर्तमानपत्रात पण देता येते. म्हणजे कोर्टानं दवंडी पिटलेली असते, तुम्ही ती टीव्हीवर पिटताय एवढंच. अशी उद्घोषणा झालेल्याच केसेस घ्या, पाया पक्का राहतो. तपास अधिकाऱ्यानं तोंडी "हाच आहे" म्हणलं म्हणून कोणाचा फोटो लावू नका.

सगळ्यात मोठा धोका ओळखपरेडचा. साक्षीदारानं आरोपीला फक्त घटनेच्या वेळी पाहिलंय, आधी ओळखत नव्हता, अशा केसमध्ये अटकेनंतर परेड होते, आरोपीसोबत साधारण सहा सारखे दिसणारे उभे करतात. तुम्ही आधीच चेहरा घरोघर दाखवला असेल तर बचाव पक्षाचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, "तुम्ही हा कार्यक्रम पाहिला होता का?" मी स्वतः विचारलाय. साक्ष तिथेच लंगडी होते. म्हणून आरोपी नात्यातला, ओळखीचा, गावातला आहे, ओळखीबद्दल वादच नाही, अशा केसमध्ये चेहरा बिनधास्त दाखवा. अनोळखी दरोडेखोर असेल तर आयओला (तपास अधिकाऱ्याला) विचारल्याशिवाय नको.

लैंगिक गुन्हा असेल तर पीडितेची ओळख बीएनएस, म्हणजे नव्या दंडसंहितेच्या, कलम 72 खाली उघड करता येत नाही. 2018 च्या निपुण सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पीडिता मयत असली तरी तेच, आणि घरच्यांनी परवानगी दिली म्हणून तुम्हाला मोकळीक मिळत नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही, घर दाखवलं, शाळा दाखवली, बापाचा चेहरा दाखवला की गावाला कळतंच.

आणि गंमत म्हणून, आरोपीला लपवणं गुन्हा आहे (बीएनएस 249), पण नवऱ्याला बायकोनं किंवा बायकोला नवऱ्यानं लपवलं तर त्याला अपवाद आहे.

तर्री_पोहे

म्हंजे बायको सुटली अन् माय अडकली? अजब कायदा हाय राजेहो.

सदाशिव_पेठी

वकीलसाहेब, उपयुक्त माहिती. पण मग सगळं नाट्यरूपांतरच कायद्याच्या कक्षेत संशयास्पद नाही का? कोणी कोणाला कसं मारलं हे अजून सिद्ध व्हायचं असतं.

अॅड_सिव्हिल_लाईन्स

@सदाशिव_पेठी नेमकं. नागपूरचंच उदाहरण घ्या. 13 ऑगस्ट 2004 ला जिल्हा कोर्टात अक्कू यादव या गुंडाला महिलांच्या जमावानं मारलं. त्यावर लेख झाले, 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका पण आली. पण खटल्याचं काय झालं? 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. कोर्टाला कोणी काय केलं ते ठरवता आलं नाही. आता मधल्या काळात एखाद्यानं नावं घेऊन "हिनं चाकू मारला, तिनं तिखट फेकलं" असं शूट केलं असतं तर? व्हिडिओ यूट्यूबवर राहतो, निकालाची बातमी कोणी त्याला जोडत नाही. ब्रिटनमध्ये तर क्राईमवॉचचीच निवेदिका जिल डँडो, तिचा 1999 मध्ये घराच्या दारात खून झाला, त्यात एकाला 2001 मध्ये शिक्षा झाली आणि 2008 मध्ये तो फेरखटल्यात निर्दोष सुटला. माझ्या मते करारात आधीच लिहून घ्या की आरोपी सुटला तर भाग काढायचा किंवा निकाल सुरुवातीला दाखवायचा. चॅनेल कुरकुर करेल.

वर्ध्याचा_लेखक

कुरकुर नाही, हसेल.

एक_बहीण

लिहू की नको विचार करत होते. आमच्या घरात झालंय. माझा भाऊ. आरोपी तेव्हा फरार होता. एका चॅनेलचे लोक आले होते, आईनं आशेनं होकार दिला की याने तरी सापडेल. सकाळी सातपासून घरात लाईटी, शेजारीपाजारी दारात. आई बोलता बोलता रडली, तर त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काकू, मघाशी छान बोललात, आवाज नीट आला नाही, परत एकदा घेऊ या का." तिनं परत सांगितलं. पाणी पण कोणी दिलं नाही, मी दिलं.

मग भाग लागला तेव्हा बघितला. भावाला पळताना, हात जोडताना दाखवला, असं काहीच झालं नव्हतं, तो झोपेत होता. आणि आरोपीचा फोटो सगळ्यात शेवटी, पाट्या पळत असताना, कोपऱ्यात. आमच्याकडे त्याचा लग्नातला मोठा स्वच्छ फोटो होता, आम्ही दिला होता, तो वापरलाच नाही. तो पुढे सापडला, पण पोलिसांनी त्याच्या फोनवरून शोधला. अजूनही कोणीतरी तो व्हिडिओ फॉरवर्ड करतं, वर आगीचं चित्र लावून.

बर्डीची_पोर, तुम्ही विचारलंय किती नाट्य. माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल माझ्या मुलाचं काहीच दाखवू नका, त्याचंच दाखवा, अर्धा तास.

बर्डीची_पोर

@एक_बहीण ताई, काय लिहू कळत नाही. तुमची हरकत नसेल तर तुमचे हे शब्द, नाव-गाव काहीही न देता, चॅनेलच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवू का?

एक_बहीण

दाखवा. आईला सांगणार नाही मी.

मिनीची_आई

@एक_बहीण तुमच्या आईला नमस्कार सांगा हो. 🙏

वर्ध्याचा_लेखक

ताईंचं वाचून थोडा वेळ काही टाईप करवेना. बरं, मी बदललो असं म्हणणार नाही, पकड पाहिजेच. पण पकड खुनात असते असं कुठे लिहिलंय? फरारीच्या कार्यक्रमात गोष्ट खुनाची नसावीच, पळण्याची असावी. खून झाला हे अँकर एका वाक्यात सांगेल. मग तो दुचाकी कुठे टाकून गेला, कोणत्या गाडीत बसला, एटीएममध्ये दिसला तेव्हा त्याच्या अंगावर कोणता शर्ट होता, कोणाकडे रात्र काढली. हे शूट करा. नटाचा चेहरा दाखवूच नका, पाठमोरा ठेवा, हात दाखवा, चालणं दाखवा, खाकीकाका म्हणाले तसं डाव्या हातानं कांदा चिरताना दाखवा. जिथे जिथे चेहरा यायला पाहिजे तिथे खरा फोटो. प्रेक्षकाला वाटेल की आता वळेल आता वळेल, आणि वळला की खराच माणूस. बघा, यात थरार पण आहे आणि वडसावाल्या दादांना एसटी पण मिळेल.

वडसा_रिटर्न

म्हणजे मला काम मिळणार पण चेहरा नाही? दोन तास मेकअपला बसायचं आणि पाठ दाखवायची!

निवृत्त_खाकी

लेखकसाहेबांची आयडिया उत्तम आहे. फक्त पळण्याचा मार्ग दाखवताना तपासातलं जे बाहेर नाही ते दाखवू नका. एटीएमचं फुटेज आम्हाला मिळालंय हे त्याला कळलं की तो कार्ड फेकून देतो. आयओ सांगेल तेवढंच. आणि शूटिंगच्या दिवशी ठाण्यात कळवून ठेव, ठाणेदाराला आधी पत्र दे. खोट्या पिस्तुला आणि वर्दीतले नट बघून लोक 112 ला फोन लावतात आणि आमची गाडी धावत येते. एकदा हिंगणा रोडला असंच झालं, वर्दीतला नट टपरीवर चहा पीत होता आणि ट्रिपल सीट पोट्टे त्याला बघून गाडी सोडून पळाले. तो बिचारा गाडी सांभाळत बसला.

तर्री_पोहे

ते पोट्टे अजून फरार हाय का काका? पहिला एपिसोड त्याईच्यावरच करा 😂

बर्डीची_पोर

मंडळी, मीटिंग झाली. एक_बहीण ताईंचं वाचलं. खोलीत कोणी फोनला हात लावला नाही, एवढं सांगते. पण लगेच सगळं मान्य झालं असं नाही. खुनाचा सीन "अगदी छोटा तरी" हवाच म्हणतायत, त्यावर अजून भांडण चालू आहे. पळण्याची गोष्ट मात्र त्यांना भयंकर आवडली, पाऊस रद्द. खरा फोटो प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर पूर्ण स्क्रीन, वर्णन तोंडी, त्याचं काम आणि सवयी सकट. फोन पोलिसांच्या नंबरवरच, ते पत्र उद्या देतेय. वकीलसाहेब, निर्दोष सुटला तर काय, हे कलम लीगलकडे पाठवलंय, हसले नाहीत पण उत्तर पण दिलं नाही. घरच्यांची मुलाखत एकदाच, घरच्यांना पाहिजे त्या ठिकाणी, रीटेक नाही. हे मी लिहूनच घेतलंय.

एक अडचण उरली. पहिल्या केसमधल्या आरोपीचा एकच फोटो आहे, लग्नातला ग्रुप, त्याच्या तोंडावर कोणाचा तरी आहेराचा हात. तो काढून वय वाढवून देणारा चांगला आर्टिस्ट नागपुरात कोणी माहीत आहे का? कॉम्प्युटरवाला नको, अॅपवर केलेले फोटो सगळे हिरोसारखे दिसतात.

अॅड_सिव्हिल_लाईन्स

आधी गुन्हे शाखेतच विचारा, त्यांच्याकडे स्केच काढणारे असतात. नाहीतर आर्ट कॉलेजला जा. पण जे काढाल ते घरातल्या दोघातिघांना दाखवूनच लावा, आणि खाली "काल्पनिक वाढीव वय" असं ठळक लिहा.

निवृत्त_खाकी

आणि कान बदलू देऊ नको आर्टिस्टला. माणूस जाडा होतो, टक्कल पडतं, कानाची ठेवण तीच राहते.

वडसा_रिटर्न

ताई, पाठमोरा रोल कोणाला दिला ते ठरलं का? मी डाव्या हातानं कांदा चिरायचा सराव चालू केलाय.

बर्डीची_पोर

@वडसा_रिटर्न उंची किती तुमची? आरोपी पाच फूट चार आहे.

वडसा_रिटर्न

पाच सात. वाकून चालतो की!